दोन महाल

घर फिरलें म्हणजे घराचे वासेहि फिरतात, ही म्हण आपण दैव फिरलेल्या माणसाविषयीं योजतों. परंतु क्वचित् ती अक्षरशः खरी ठरते. एखाद्या जुन्या वास्तूचे खांब, तुळया आणि वासे जागेवरून उतरविले जातात, गाड्यांवर चढतात आणि दुसऱ्याच ठिकाणीं पुन्हां उभे राहतात. अशा वेळीं घर फिरलें तें बऱ्यासाठीं कीं वाईटासाठीं, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आज शहरोशहरीं वाडे पडत आहेत आणि धरणांच्या पाण्याखालीं गांवेंच्या गांवें जात आहेत. तेव्हां हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंच्या अभ्यासकांचा राहिलेला नाहीं. तो तुमच्याआमच्या कुटुंबांचा झाला आहे. म्हणून त्याचा विचार दोन महालांच्या आधारें येथें करावा असें आम्हीं योजिलें आहे. एक महाल वऱ्हाडांतला, दुसरा पुण्याचा. दोहोंनाहि स्त्रियांचीं नांवें आहेत, आणि त्या दोघींनाहि लोकांनीं नाचणाऱ्या म्हणूनच ओळखलें. एक महाल आपल्या जागीं राहिला आणि ढासळला. दुसरा जागेवरून उठला आणि वांचला.

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर हें गांव पैनगंगेच्या काठचें. १८८८ सालीं तेथें जमिनींत शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ति सांपडली, आणि तेव्हांपासून भाविकांची तिकडे रीघ लागली. त्याच मेहकरांत एक पडकी वास्तु आहे. तिला लोक कंचनीचा महाल म्हणतात. कंचनी ही नर्तकी. सात-आठ कोसांवरच्या लोणारच्या देवीच्या देवळांतला दिवा आपल्या महालाच्या माथ्यावरून दिसावा अशी तिला हौस, आणि त्या हौसेपायीं तिनें मजल्यावर मजले चढविले, अशी कथा त्या भागांत सांगतात. कथा ती कथाच. तिच्याजवळ कागदोपत्रीं पुरावा मागण्यांत स्वारस्य नाहीं. मेहकरचेच कवि ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांच्या एका काव्यसंग्रहास या महालाचें नांव आहे. म्हणजे कंचनीचा महाल लोकांच्या जिभेवर आहे, कवीच्या पुस्तकावर आहे. परंतु त्यांत कोणी बसत नाहीं, कोणी दिवा लावीत नाहीं. भिंती खचल्या, नांव तेवढें उभें राहिलें.

वास्तु जागेवर राहिली म्हणजे ती उपेक्षितच राहते, असें मात्र कोणी समजूं नये. याच जिल्ह्यांत सिंदखेड राजा येथें लखुजी जाधवरावांचा राजवाडा आहे. १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म येथें झाला. १६२९ मध्यें निजामशाहानें लखुजींना त्यांच्या मुलांसह देवगिरीच्या किल्ल्यावर दग्यानें मारिलें, आणि त्या घराण्याचें वैभव ओसरलें. परंतु त्यांची समाधि, रंगमहाल, नीळकंठेश्वराचें आणि रामेश्वराचें मंदिर, मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनीं मढलेली पुतळा बारव, असा सारा परिवार गांवाच्या अवतीभवतीं अजून आहे. दरवर्षीं १२ जानेवारीस महाराष्ट्राच्या सर्व बाजूंनीं माणसें येतात आणि राजवाड्यांत जिजाऊंच्या जन्मस्थानीं माथा टेकतात. लेकुरवाळ्या स्त्रिया मुलांना तेथें आणून ती जागा दाखवितात. ही वास्तु पुराणवस्तुखात्याच्या संरक्षणाखालीं आहे खरी, परंतु ती टिकून आहे ती लोकांच्या येण्याजाण्यानें. जेथें वर्षांतून एकदां तरी माणसांचे पाय लागतात, तेथील पायऱ्या गवताखालीं जात नाहींत.

आतां दुसऱ्या महालाकडे वळूं. १७२९ सालीं महंमदखान बंगषाच्या वेढ्यांत सांपडलेल्या वृद्ध छत्रसालाच्या हांकेस ओ देऊन थोरले बाजीराव बुंदेलखंडांत धांवले. त्या मोहिमेनंतर मस्तानी त्यांच्यासमवेत पुण्यास आली. ती छत्रसालाची कन्या असें मानलें जातें. १० जानेवारी १७३० रोजीं शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांति झाली. वाड्याच्या एका दरवाजास मस्तानीचें नांव आजहि आहे. दरवाजास नांव मिळालें, परंतु घरांत स्थान मिळालें नाहीं. पेशव्यांच्या कुटुंबानें तिला सून म्हणून पत्करलें नाहीं. तिचा मुलगा कृष्णराव याची मुंज लावण्यास पुण्याच्या ब्रह्मवृंदानें नकार दिला, आणि तो समशेरबहादूर या नांवानें वाढला. १७४० च्या आरंभीं बाजीराव स्वारीवर असतां घरच्यांनींच मस्तानीला नजरकैदेंत ठेविलें. त्याच वर्षीं २८ एप्रिल रोजीं नर्मदेकांठीं रावेरखेडी येथें बाजीरावांचा अंत झाला आणि पाठोपाठ मस्तानीहि गेली. तिची कबर पाबळ येथें आहे. ज्या मुलास मुंज नाकारली गेली, तो १७६१ सालीं पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनें लढला आणि त्या जखमांनींच मरण पावला. या गोष्टीवर आम्ही भाष्य करूं इच्छीत नाहीं. वाचक तें आपापल्या मनांत करितील.

घरांतील हा बेबनाव टाळावा म्हणून बाजीरावांनीं १७३४ सालीं मस्तानीसाठीं कोथरूड येथें निराळें निवासस्थान बांधिलें. कोथरूड त्या काळीं पुण्याच्या बाहेर, नदीपलीकडचें खेडें. आज जेथें कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचें देऊळ आहे, तेथें हा महाल होता. धनीण गेली, पेशवाई गेली, आणि पुढील दीड-दोन शतकांत महालाचे केवळ अवशेष उरले. खेड्यांतल्या पडक्या घराचें लांकूड कोठें जातें हें सर्वांस ठाऊक आहे: कांहीं गोठ्यास, कांहीं चुलीस. मस्तानीच्या महालाचेंहि तेंच व्हावयाचें. तें झालें नाहीं, याचें श्रेय एका चष्म्याच्या दुकानदाराकडे जातें.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत आणि घरचें चष्म्यांचें दुकान पाहत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तु जमविण्याचा नाद लागला. त्यांचा एकुलता मुलगा राजा सातव्या वर्षीं गेला. त्या दुःखांतून नादाचें व्रत झालें, आणि संग्रहास त्यांनीं मुलाचेंच नांव दिलें. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामीं अखंड साथ होती. पितळी दिवे, अडकित्ते, करंडे, फणेरपेट्या, वाद्यें, स्वयंपाकघरांतील भांडीं, वाड्यांचे कोरीव दरवाजे, अशा ज्या वस्तु आपण घरांत असतां पाहत नाहीं आणि गेल्यावर आठवतों, त्या त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविल्या. १९६० पर्यंत त्यांच्याजवळ सुमारें १५,००० वस्तु जमल्या. १९७५ सालीं हा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज वस्तूंची संख्या २०,००० वर गेली असून त्यांपैकीं सुमारें २,५०० मांडून ठेविलेल्या आहेत. कोथरूडच्या महालाचे अवशेष या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आणून एका दालनांत पुन्हां उभे करण्यांत आले, तेंच आजचें मस्तानी महालाचें दालन.

हें संग्रहालय शुक्रवार पेठेंत, नातूबागेंत, बाजीराव रस्त्याला लागूनच आहे. आम्हांस यांत दैवाचा विलक्षण न्याय दिसतो. ज्या स्त्रीला शहराबाहेर, नदीपलीकडे घर बांधून द्यावें लागलें, तिचें घर अडीचशें वर्षांच्या आंत शहराच्या मध्यभागीं आलें. आणि तें आणिलें तें पुण्याच्याच एका ब्राह्मण गृहस्थानें, आपल्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेल्या वास्तूंत. दुसरी गोष्ट याहून नवलाची. ज्या शनिवारवाड्यांत तिला मानानें नांदतां आलें नाहीं, त्याच्या आंतल्या लांकडी इमारती १८२८ च्या आगींत जळून गेल्या. तेथें आज तट, दरवाजे, जोतीं आणि कारंज्यांचीं हौदें पाहावयास मिळतात. कोथरूडच्या महालाचे खांब मात्र छपराखालीं सुरक्षित आहेत. शाळेचीं मुलें रांगेनें येतात, परगांवचीं कुटुंबें येतात, आज्या नातींना हात धरून आणितात; शेजारच्या दालनांतला अडकित्ता पाहून असाच आपल्या माहेरीं होता असें सांगतात, आणि दोन पावलांवर मस्तानीच्या महालांत शिरतात. ती कोण, असें नात विचारते. आजीला उत्तर द्यावें लागतें. वास्तु समाजाची होते म्हणजे याहून निराळें काय होतें?

लांकडी घर हलवितात तरी कसें, अशी शंका कोणी घेईल. ज्यांस आपल्या वाड्यांची रचना ठाऊक आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. वाड्याचा भार भिंतींवर थोडा आणि लांकडी सांगाड्यावर फार. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट किंवा तक्तपोशी. दोन खांबांमधील अंतर तो एक खण, आणि सारें मोजमाप खणांतच. हे अवयव खांचा पाडून, पाचरी मारून एकमेकांत बसविलेले असतात. खिळ्यांचें काम थोडें. जें खांचेनें जोडलें तें खांच मोकळी करून सोडवितां येतें. प्रथम प्रत्येक दालन मोजून त्याचा नकाशा काढतात आणि प्रत्येक लांकडावर अंक घालतात. मग बांधणीच्या उलट क्रमानें, कौलें आधीं आणि खांब शेवटीं, याप्रमाणें घर उतरवितात. वाळवीनें खाल्लेला किंवा पावसानें कुजलेला भाग तेवढा कापून तेथें त्याच जातीचें लांकूड जोडावयाचें असतें. अख्खी तुळई बदलली तर सुताराचें काम सोपें होतें, परंतु घर परकें होतें.

भिंती मात्र नेतां येत नाहींत. वऱ्हाडांतील गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती पाहा: दोन-दोन हात जाडीच्या, उन्हाळ्यांत आंत गारवा राखणाऱ्या, परंतु छप्पर गेलें कीं दहापांच पावसाळ्यांत त्या पुन्हां मातीस मिळतात. तीच गत घरांतल्या बळदांची आणि कोनाड्यांची. त्या नव्या जागीं नव्यानेंच घालाव्या लागतात. तेव्हां हलविलेलें घर निम्में जुनें आणि निम्में नवें असतें, हें मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे.

म्हणूनच जाणत्यांचा अशा स्थलांतरास सहसा विरोध असतो. १९६४ सालीं व्हेनिस येथें जगांतल्या तज्ज्ञांनीं एक सनद तयार केली. वास्तु तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून वेगळी करतां येत नाहीं, आणि ती वांचविण्यास दुसरा उपायच नसेल तरच हलवावी, असा त्या सनदेचा आशय आहे. हें म्हणणें योग्य आहे. घराचें तोंड ज्या दिशेस होतें, अंगणांतून जो डोंगर किंवा जें देऊळ दिसे, ज्या आडाचें पाणी घरांत येई, तें कांहींच गाडीवर चढत नाहीं. परंतु दुसरा उपायच नाहीं असे प्रसंग येतात, आणि ते आपल्या देशांत कमी आले नाहींत. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणाचा पाया १९५५ सालीं घातला गेला, तेव्हां नागार्जुनकोंड्याचें प्राचीन बौद्ध क्षेत्र पाण्याखालीं जाणार होतें. तेथील निवडक अवशेष उचलून जवळच्या टेकडीवर मांडले गेले. ती टेकडी आतां जलाशयांतलें बेट आहे. ईजिप्तांत अबू सिंबेलचीं दगडी देवळें १९६४ ते १९६८ या काळांत तुकडे कापून सुमारें ६५ मीटर उंच नेऊन बसविण्यांत आलीं, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे.

राहत्या घरांपुरतें बोलावयाचें तर हा मार्ग स्वीडननें दाखविला. आर्टुर हासेलियस नांवाच्या गृहस्थानें खेड्यापाड्यांतलीं लांकडी घरें विकत घेऊन स्टॉकहोम येथें आणिलीं आणि १८९१ सालीं ‘स्कान्सेन’ हें उघड्यावरचें संग्रहालय सुरू केलें. आपल्याकडे मद्रासजवळ मुत्तुकाडु येथें १९९६ सालीं ‘दक्षिणचित्र’ उघडलें. तेथें चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचें घर आहे, केरळांतील ख्रिस्ती कुटुंबाचें लांकडी घर आहे, आणि ज्या इरकली लुगड्यांनीं महाराष्ट्रांतल्या आमच्या आज्यांच्या पेट्या भरलेल्या असत, त्या इलकलच्या विणकराचेंहि घर आहे. मणिपाल येथें विजयनाथ शेणॉय (मृत्यु २०१७) या बँकेंत नोकरी करणाऱ्या गृहस्थांनीं तर एकामागून एक पडाऊ घरें उचलून त्यांचें एक लहानसें गांवच वसविलें. त्यांत मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांच्या राजवाड्यांतील दरबारी दिवाणखाना आहे, म्हणजे मराठी घराण्याची एक वास्तु तेथें सुखरूप पोंचली आहे. केळकर दुकानदार, शेणॉय बँकेंतले नोकर. राजेरजवाडे नव्हेत, कीं कोट्यधीश नव्हेत. हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां आम्ही मुद्द्यावर येतों. पुणें, नाशिक, वांई, सातारा या शहरांतले आणि वऱ्हाडांतल्या देशमुख-देशपांड्यांच्या गांवांतले वाडे आज कसे जातात? चार भाऊ चार शहरांत, पुतणे परदेशांत. घरपट्टी कोणी भरावयाची यावर पत्रव्यवहार, मग वाटणी, मग विक्री. घेणारास जागा हवी असते, घर नको असतें. एका आठवड्यांत वाडा पडतो. कोरीव खांब आणि गणेशपट्टी दलालाकडे जाते, आणि दूरच्या एखाद्या उपाहारगृहांत ग्राहकांच्या खुर्च्यांमागें शोभा म्हणून उभी राहते. ज्या चौकटीखालून आपल्या आईनें माप ओलांडलें, ती चौकट कोणाची होती हें सांगणारें तेथें कोणी नसतें. लांकूड वांचलें, घर मेलें. मस्तानीचा महाल आणि हा खांब, दोन्ही जागेवरून हलले. भेद एवढाच कीं एकाबरोबर त्याचें नांव गेलें, दुसऱ्याबरोबर गेलें नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यास हा विचार आज विशेषच लागू आहे. नांदुरा तालुक्यांत पूर्णा नदीवर होणाऱ्या जिगांव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रांतील गांवांना नव्या गांवठाणांत जाणें प्राप्त आहे. नव्या ठिकाणीं रस्ते सरळ असतात, घरें एकसारखीं असतात, आणि पहिलीं कांहीं वर्षें तरी त्या गांवास गांवपण नसतें. बसावयास जुना पार नसतो, ओळखीची ओसरी नसते. अशा प्रत्येक गांवानें मूळ गांवांतला एक वाडा, निदान त्याची एक ओसरी आणि दिंडी दरवाजा, खुणा घालून उतरवून न्यावा, आणि तेथें गांवचें वाचनालय किंवा मुलांची शाळा भरवावी, असें आम्ही सुचवितों. मोबदल्याच्या रकमेंत घराची किंमत मिळते. ओसरीवर बसून काढलेल्या संध्याकाळांची मिळत नाहीं. ती ओसरीच नेली तर थोडीशी मिळेल.

आणि ज्या कुटुंबांस आपला वाडा राखणें शक्यच नाहीं, त्यांनीं खिन्न होऊन स्वस्थ बसूं नये. वाडा पाडण्यापूर्वीं सर्व भावांनीं, जावांनीं आणि लेकींनीं एकदां तेथें जमावें. प्रत्येक खोलीचें मोजमाप आणि छायाचित्र घ्यावें. माजघर कोणतें, बाळंतिणीची खोली कोणती, देवघरांत कोणत्या दिशेस तोंड करून पूजा होई, श्रावणी कोठें होई, हें घरांतल्या वडील स्त्रीकडून लिहून घ्यावें. कारण पुरुषांना वाड्याचे हिशेब ठाऊक असतात, परंतु वाडा ठाऊक असतो तो स्त्रियांना. कोरीव लांकूड विकण्याआधीं जवळच्या संग्रहालयास किंवा शाळेस विचारावें. द्यावयाचें तर सोबत एक पान द्यावें, आणि त्यावर गांव, घराणें, बांधल्याचें वर्ष आणि काढल्याचें वर्ष लिहावें. एवढ्यास फार पैसा लागत नाहीं. चार दिवस लागतात, आणि चौघांचें एकमत लागतें. चार दिवस मिळणें सोपें, एकमत कठीण. परंतु वाटणीच्या कागदावर सह्या करण्यास जे एकत्र येतात, त्यांना यासाठीं एकत्र येतां येणार नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं.

कंचनीच्या महालाला कथा मिळाली, परंतु घर मिळालें नाहीं. मस्तानीच्या महालाला उशिरा कां होईना, घर मिळालें. आपल्या वाड्याला या दोहोंपैकीं काय द्यावयाचें, हें ठरविण्यास अजून अवकाश आहे. परंतु तो फार नाहीं. यंदाच्या पावसाळ्यांतहि कोठें तरी एक भिंत बसणार आहे.